डोंगर नसलेला ज्वालामुखी

मराठवाड्यात विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. आणखी खाली कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा लागतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं. ही सगळी चळत एकावर एक गोठलेल्या लाव्ह्याची आहे. लाव्हा थिजताना त्यातले वायू वर येतात आणि अडकतात. बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात, पुढे पाण्यातल्या खनिजांनी भरून पांढरे ठिपके होतात. तोच मांजऱ्या. तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधल्या काळात वरचा खडक झिजून झालेली माती.

पण मग ज्वालामुखी कुठाय? शंकूसारखा डोंगर शोधून सापडायचा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून बेसाल्टचा रस बाहेर आला. सिलिका कमी असल्यानं हा रस पातळ, म्हणून एका जागी न साचता शेकडो किलोमीटर पसरला. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर खोल छिद्र पाडलं, तेव्हा हा थर ३३८ मीटर भरला. सह्याद्रीकडे तो कितीतरी जाड आहे, तर पूर्वेला देगलूरकडे संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. वेरूळचं कैलास लेणं बेसाल्टच्या याच थरातलं, वरून खाली कोरत आणलेलं.

खडक वितळतो कसा, हे खरं कोडं. कवचाखालचं प्रावरण प्रचंड तापलेलं असूनही घन असतं, कारण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. तो तप्त खडक वर सरकला की दाब उतरतो आणि रस सुटतो. आपल्याकडे हेच झालं. तेव्हा भारत ज्या तप्त स्थळावरून (जिथे खालून तप्त खडक वर येत राहतो) सरकत होता, ते आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो.

भारताच्या आजच्या एकमेव जागृत ज्वालामुखीची तऱ्हा वेगळी. अंदमानातल्या श्री विजयपुरमपासून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) सुमारे १४० किलोमीटरवरच्या बॅरन बेटाखाली भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कडक थराचा सरकता तुकडा, खोल खचतो. जाताना तो सागरतळाचं पाणी सोबत नेतो आणि पाण्यामुळे वरचा खडक कमी तापमानालाच वितळतो. रसात वाफ कोंडलेली, म्हणून नुसतं वाहणं नाही, स्फोटही होतात. दीर्घ झोपेनंतर हा ज्वालामुखी १९९१मध्ये जागा झाला. जानेवारी २०१७मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची शोधनौका जवळच काम करत होती, तेव्हा अचानक राख उसळली. शास्त्रज्ञ मैलभर अंतरावरून बघत राहिले: दर वेळी पाच-दहा मिनिटांचा झटका, दिवसा नुसता राखेचा लोट, सूर्य मावळल्यावर लाल लाव्ह्याची कारंजी. बेटावर माणूस राहत नाही, हे बरंच म्हणायचं.

जालना जिल्ह्याला लागून असलेल्या लोणारच्या सरोवराला मात्र ज्वालामुखीचं तोंड समजू नका. एकेकाळी अभ्यासकांनाही तसं वाटे. पण तिथल्या खडकात जबर आघातानंच बनणारी काच सापडली. तो खड्डा उल्केचा.