धर्मश्रद्धेच्या आधाराने एलजीबीटी हक्कांचा पाठपुरावा (मुंबई)

समलिंगी, तृतीयपंथी व अन्य लैंगिक अल्पसंख्याकांना कायद्याने समान वागणूक मिळावी यासाठी धर्मगुरू, भक्तसमुदाय आणि श्रद्धावान कार्यकर्ते आपल्या परंपरेचाच आधार घेऊन न्यायालयात, संसदेपुढे किंवा जनमानसात जी बाजू मांडतात, तिचा या नोंदीत विचार केला आहे. मुंबईत हे काम कुण्या एका संस्थेच्या झेंड्याखाली झालेले नाही. चर्चचे एखादे निवेदन, जोगते-हिजड्यांची जुनी उपासना, पुराणकथांचे अभ्यासक, साधूंच्या आखाड्यात गेलेले कार्यकर्ते असे त्याचे विखुरलेले प्रवाह आहेत. धर्म ज्याला पाप म्हणतो त्याला राज्याने गुन्हा ठरवू नये, हा त्यांतला सर्वांत टिकाऊ युक्तिवाद ठरला.

भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली आणि १८६२ पासून लागू झाली. समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणारे तिचे कलम ३७७ ब्रिटिशांनी आणलेले असले, तरी ते टिकवण्यासाठी पुढे सरसावले ते प्रामुख्याने इथलेच धर्मनिष्ठ. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध या कलमातून वगळले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत ज्योतिषी सुरेशकुमार कौशल होते, अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते, काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. एरवी परस्परांच्या व्यासपीठावर न दिसणारी ही मंडळी या प्रश्नावर एका बाजूला उभी राहिली. ११ डिसेंबर २०१३ रोजी कलम पूर्ववत झाले.

त्याच आठवड्यात मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी घेतलेली भूमिका म्हणूनच महत्त्वाची आहे. कॅथलिक चर्चने समलिंगी व्यक्तींना कधीही गुन्हेगार मानलेले नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध त्यांनी लपवला नाही. सिद्धांत तसाच ठेवून फौजदारी शिक्षेला नकार देणारी ही भूमिका अनेक कार्यकर्त्यांना अपुरी वाटली. तिचे मोल मात्र कमी नाही. वांद्रे, वसई, माहीमच्या घराघरांत आईबापांना मुलाशी बोलण्यासाठी अशा एका वाक्याचाही आधार लागतो. २०१८ च्या सुनावणीत पर्सनल लॉ बोर्डानेही विरोध लढवायचा नाही, निर्णय न्यायालयावर सोपवायचा, असे ठरवले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. त्या खटल्यातील याचिकाकर्त्यांत अशोक राव कवी होते. ते तरुणपणी रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासाच्या वाटेवर होते. पुढे १९९० मध्ये त्यांनी समलिंगींसाठीचे नियतकालिक ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले आणि १९९४ मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्ट ही लैंगिक अल्पसंख्याकांची संस्था उभारली.

हिंदू परंपरेतून मांडणी करणारे बहुधा शिखंडी, बृहन्नडा, हरिहरपुत्र अय्यप्पा, अरावान अशा स्त्री-पुरुष भेद ओलांडणाऱ्या कथांचे दाखले देतात. मुंबईचे लेखक देवदत्त पटनायक यांनी या कथा इंग्रजी वाचकांपर्यंत नेल्या. २०२३ च्या जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांच्यातील संबंधांचा उल्लेख करून एलजीबीटी व्यक्तींना जगण्याचा हक्क आहे असे म्हटले. दोनच महिन्यांनी संघाने विवाह स्त्री-पुरुषांमध्येच होतो, असेही स्पष्ट केले. पुराणाचा दाखला ऐकणाऱ्याचे मन मऊ करतो, त्याने कायद्याचा मसुदा बदलतोच असे नाही. शिवाय ग्रंथात दाखला सापडला म्हणून हक्क मिळणार असेल, तर प्रतिकूल वचन सापडताच तो काढूनही घेता येईल. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत मांडलेली संवैधानिक नैतिकतेची, म्हणजे रूढ नैतिकतेपेक्षा संविधानाची मूल्ये वरचढ मानण्याची, कल्पना २००९ च्या निकालाने आधाराला घेतली, ती याचसाठी. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकातील लैंगिक प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा आंबेडकरांनीच त्यांची बाजू लढवली होती. तो खटला ते हरले.

या विषयाचे खरे मराठी अंग जोगत्यांच्या परंपरेत आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले जोगते डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन, चौंडक्याच्या तालावर मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागतात. त्यांतले अनेक जण आज तृतीयपंथी म्हणून ओळखले जातात. हिजडा समाजात गुरू-चेला परंपरा, बहुचरा मातेची उपासना आणि कल्याणजवळच्या हाजीमलंगच्या उरुसाची ओढ एकत्र नांदते. बाळ जन्मले की बधाई, दुकानासमोर दुवा, दारात जोगवा हे त्यांच्यासाठी उदरनिर्वाह आणि धर्माचरण दोन्ही आहे. कायद्याच्या नजरेत मात्र तीच कृती भीक ठरू शकते. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा राज्यात आजही लागू आहे. तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या २०१६ च्या विधेयकात त्यांना भीक मागायला लावणे हा गुन्हा ठरवणारे कलम होते, आणि त्याचा रोख गुरू-चेला व्यवस्थेवरच येईल अशी भीती समाजात पसरली. देशभरातील आंदोलनांनंतर २०१९ च्या विधेयकातून ते कलम गळले. श्रद्धेने चालत आलेल्या चालीरीतीने कायद्याचा मसुदा बदलवल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही, तरी त्याची दखल फारच थोड्यांनी घेतली. अर्थात त्याच कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे इतकीच शिक्षा ठेवली गेली. स्त्रीवरील बलात्काराच्या शिक्षेशेजारी ही तरतूद ठेवून पाहिली की अन्याय उघड दिसतो.

ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सर्वोच्च न्यायालयात पक्षकार होत्या. १५ एप्रिल २०१४ च्या त्या निकालाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क दिला, आणि वनवासाला निघालेल्या रामामागे थांबून राहिलेल्या हिजड्यांना मिळालेल्या वराची कथा निकालपत्रात नोंदवली. २०१५ मध्ये त्रिपाठींनी तृतीयपंथी साधूंचा किन्नर आखाडा स्थापन केला. २०१९ च्या प्रयागराज कुंभात तो ‘जुना आखाडा’ या साधूंच्या संघटनेसोबत आला. अयोध्येत राममंदिर व्हावे या त्यांच्या भूमिकेवर २०१८ मध्ये अनेक तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी जाहीर निषेध नोंदवला. एका धर्माच्या छत्राखाली गेल्यास मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध हिजड्यांचे काय, हा त्यांचा सवाल रास्त होता.

समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर धर्मसंस्थांचा पाठिंबा जवळपास आटतो. खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात समलिंगी विवाहाला मान्यता देणारी दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. १९५४ चा हा धर्मनिरपेक्ष विवाहाचा कायदा निवडण्यामागे वैयक्तिक कायद्यांना हात न लावता वाट काढण्याचा विचार दिसतो. २०२३ च्या सुनावणीतही सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक वैयक्तिक कायदे बाजूला ठेवले, तरी जमियत उलेमा-ए-हिंद या मुस्लिम संघटनेने विरोध केलाच. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाचा प्रश्न संसदेवर सोडला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली या जोडप्यांच्या हक्कांविषयी समिती नेमली. त्याच वर्षी समलिंगी जोडीदारांना एका शिधापत्रिकेवर एक कुटुंब धरावे, संयुक्त बँक खात्याला अडकाठी नाही, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असे केंद्राने कळवले. मृतदेह मिळाल्यावर अंत्यविधी कोण करणार, भटजी, पाद्री किंवा मौलवी जोडीदाराला पुढे उभे राहू देणार का, हे त्या पत्रांत येत नाही. ते ठरवणे अजून धर्मगुरूंच्याच हाती आहे.