गुरूच्या हवेत इतका अरगॉन आला कुठून?

७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरली. पॅराशूट उघडल्यावर जेमतेम तासभर, पृथ्वीवरच्या हवेच्या २२ पट दाबापर्यंत, ती आकडे पाठवत राहिली. मग उकाड्याने आणि दाबाने संपली.

कार्बन, नायट्रोजन, गंधक हे हायड्रोजनच्या प्रमाणात मोजले, तर सूर्यातल्यापेक्षा दोन ते चार पट भरले. ते समजण्यासारखं होतं. असा ग्रह बनताना आधी खडक आणि बर्फाचा, पृथ्वीच्या दहाएक पट वस्तुमानाचा गाभा जमतो, मग तो नवजात सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीतला वायू ओढून घेतो. वरून बर्फाळ गोटे पडत राहिले की जड मूलद्रव्यं वाढणारच.

घोडं अडलं ते अरगॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉनपाशी. तेही साधारण तितकेच जास्त निघाले. हे राजवायू सहसा कुणाशी संयोग पावत नाहीत. अरगॉन बर्फात अडकवून ठेवायचा तर तापमान उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं, आणि गुरूच्या आजच्या जागी तबकडी एवढी गार नसावी. म्हणून काहींच्या मते गाभा नेपच्यूनच्या कक्षेइतका लांब जन्मला आणि नंतर आत सरकला. दुसरं मत असं, की अतिनील किरणांनी तबकडीतला हायड्रोजन उडून गेला आणि मागे उरलेल्या वायूत राजवायूंचं प्रमाण आपोआप वाढलं. दोन्हींत दम आहे.

राजवायू बर्फात अडकून आले असतील, तर सोबत पाणीही भरपूर हवं. म्हणजे पाण्यावरून निवाडा झाला असता, पण कुपी नेमकी खाली उतरणाऱ्या कोरड्या हवेच्या पट्ट्यात पडली आणि पाणी फारच कमी दिसलं. पुढे जूनो यानाने सूक्ष्मलहरींनी ढगांखाली डोकावून पाहिलं. २०२० मध्ये आलेला विषुववृत्ताजवळचा आकडा: दर ४०० रेणूंमागे सुमारे एक पाण्याचा. म्हणजे सूर्यातल्या ऑक्सिजनच्या हिशेबाने अंदाजे तिप्पट. चुकीची शक्यता मात्र मोठी.

शिवाय हवेतली प्रत्येक तूट जन्मापासूनची नसते. निऑन सूर्याच्या जेमतेम एक दशांश सापडला, कारण खोलवर हीलियमचे थेंब पडतात आणि निऑन त्यांत विरघळून खाली जातो.

आता ताळा पाहायचा तो शनीवर. तिथला कार्बन मिथेनवरून दुरूनच मोजता आला, सूर्याच्या नऊ-दहा पट. अरगॉनचं तसं नाही. अशा थंड हवेत वर्णपटावर त्याची खूणच उमटत नाही. कॅसिनी यान २०१७ मध्ये शनीत शिरलं खरं, पण ते नष्ट झालं ती उंची फार वरची. तिथे वायू नीट मिसळलेले नसतात, जड वायू खालीच राहतात. तेव्हा कुपी आणखी एकदा, ढगांच्या खाली, उतरवावीच लागेल.