न्यूरोडायव्हर्जंट प्रौढांसाठी कार्यस्थळ साहाय्य

स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (अवधान टिकवण्यातील अडचण व अतिचंचलता), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण), डिस्प्रॅक्सिया (हालचालींच्या समन्वयातील अडचण), टूरेट संलक्षण (अनैच्छिक हालचाली व आवाज) इ. मज्जाविकासात्मक भिन्नता असलेल्या प्रौढांना नोकरी मिळावी, ती टिकावी आणि तीत पुढे जाता यावे यासाठी केलेली योजनाबद्ध मदत. व्यक्तीबरोबर नियमित बसून केलेले कोचिंग आणि प्रत्यक्ष कामावर दिलेले प्रशिक्षण व कामाच्या रचनेत किंवा जागेत केलेले बदल, ही तिची दोन मुख्य अंगे होत. प्रत्यक्षात ती एकत्र नांदत असली, तरी त्यांचे उगम वेगळे आहेत. या क्षेत्रातील बरेचसे वाद त्या फरकातूनच निघालेले दिसतात.

उगम : आरंभ नेमका कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. काही लेखक तो अमेरिकेतील बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात, साधारणपणे १९७० च्या सुमारास धरतात. त्या काळी अक्षम व्यक्तीने आधी संरक्षित कार्यशाळेत (अक्षम व्यक्तींसाठी वेगळ्या चालवलेल्या कामाच्या जागी) तयारी करावी आणि ‘तयार’ ठरल्यावरच बाहेर नोकरी शोधावी, असा प्रघात होता. बहुतेकांची तयारी मात्र कधी पुरी होतच नसे. अमेरिकन संशोधक मार्क गोल्ड यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बौद्धिक अक्षमता असलेली किशोरवयीन मुले सायकलच्या ब्रेकचे १५ सुटे भाग जोडण्यास शिकली. काम लहान पायऱ्यांत फोडायचे आणि शिकणारा अडला की शिकवण्याची पद्धत बदलून पाहायची, हे त्यांचे सूत्र होते. पायऱ्या फोडण्याचे हे तंत्र (कार्यविश्लेषण) आजही जॉब कोचच्या (कामाच्या जागी जाऊन शिकवणाऱ्या साहाय्यकाच्या) हातातील पहिले साधन आहे.

दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ १९८० च्या दशकातला. व्हर्जिनियात पॉल वेमन व ओरेगनमध्ये टॉम बेलामी यांच्या गटांनी जुना क्रम उलटा केला : आधी खऱ्या पगाराच्या नोकरीवर नेमणूक, मग त्याच जागी प्रशिक्षण. हा ‘साहाय्यित रोजगार’ अमेरिकेच्या संघीय कायद्यात १९८४ मध्ये आला आणि १९८६ च्या पुनर्वसन कायदा दुरुस्तीने त्याला निधीचा आधार मिळाला. गोल्ड यांच्या प्रयोगांत शिकवणे होते, पण मालक, पगार व सहकारी यांचा संबंध नव्हता. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

कोचिंगचा प्रवाह याहून निराळा. एडीएचडी मोठेपणीही राहू शकते ही जाणीव १९९० च्या दशकात पसरली, तेव्हा एडवर्ड हॅलोवेल व जॉन रेटी या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९४ च्या आपल्या लोकप्रिय पुस्तकात अशा प्रौढांसाठी कोचची कल्पना मांडली. थोडक्यात पण वारंवार बोलायचे, आज काय करायचे ते ठरवायचे आणि काल ठरवलेल्याचे काय झाले ते विचारायचे, असे तिचे स्वरूप होते. येथे ग्राहक स्वतः येतो, बहुधा स्वतःच पैसे मोजतो आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. जॉब कोच मालकाच्या आवारात वावरतो. एडीएचडी कोच त्या आवाराबाहेर राहतो. ‘कोच’ ही उपाधी बहुतेक देशांत कायद्याने संरक्षित नसल्याने प्रशिक्षणाच्या दर्जात मोठी तफावत आढळते. कोचिंग म्हणजे मानसोपचार नव्हे. नैराश्य वा चिंताविकार सोबत असल्यास त्यांवर स्वतंत्र उपचार लागतात.

दोन्ही प्रवाहांना एका छत्राखाली आणले ते न्यूरोडायव्हर्सिटीच्या विचाराने, म्हणजे मेंदूंतील भिन्नता ही दोष नसून माणसांतील स्वाभाविक विविधता आहे या भूमिकेने. या संकल्पनेचे श्रेय पूर्वी ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ जूडी सिंगर (१९९८) यांना एकटीला दिले जाई. अलीकडील अभ्यासक ते १९९० च्या दशकात एकमेकांशी चर्चा करणाऱ्या स्वमग्न व्यक्तींच्या समूहाला देतात.

कार्यपद्धती : जॉब कोच प्रथम स्वतः ते काम पाहतो, शक्य असल्यास करून पाहतो. मग पायऱ्या, त्यांचा क्रम आणि कोणी न सांगितलेले नियम तो कागदावर उतरवतो. बैठकीत मध्येच बोलले तर चालते का, शंका कोणाला विचारायची, काम ‘झाले’ असे केव्हा समजायचे, अशा गोष्टी त्यात येतात. पुढे कोचने हळूहळू बाजूला व्हावे आणि आधार सहकाऱ्यांकडून मिळावा, अशी अपेक्षा असते. साहाय्य अनेकदा येथेच फसते. कोच निघून जातो, वरिष्ठ बदलतो आणि नव्या वरिष्ठाला काहीच ठाऊक नसते. म्हणून ठरलेल्या सोयी लेखी ठेवणे अगत्याचे मानतात.

पुष्कळ बदल अगदी साधे असतात. ‘हा अहवाल जरा बघून घ्या, घाई आहे’ या सूचनेत काय बघायचे, किती खोलात जायचे आणि केव्हापर्यंत, यांपैकी काहीच नाही. ‘तिसऱ्या पानावरील बेरजा तपासा, भाषा सोडून द्या, गुरुवारी दुपारी तीनपर्यंत चुकांची यादी पाठवा’ असे लिहून दिले, तर तोच कर्मचारी ते काम कोणाच्या मदतीविना पुरे करू शकतो. याखेरीज शांत जागा, हेडफोनची मुभा, लवचीक वेळ, मुलाखतीचे प्रश्न आधी देणे, मुलाखतीऐवजी कामाचा नमुना पाहणे, मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर इ. सोयी प्रचलित आहेत. अमेरिकेत १९८३ पासून अशा सोयींविषयी सल्ला देणाऱ्या जॉब अकोमोडेशन नेटवर्कच्या मालक-सर्वेक्षणांत सुमारे निम्म्या सोयींना काहीही खर्च आला नसल्याचे दिसते. हे आकडे मालकांनी स्वतः सांगितलेले आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

कायदा : संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचे कलम २७ कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी पुरवण्यास सांगते. अमेरिकेचा १९९० चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा व ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा त्याच दिशेचे आहेत. ब्रिटनमध्ये १९९४ पासूनच्या ‘ॲक्सेस टू वर्क’ योजनेतून कोचचा खर्चही मिळू शकतो. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. कलम २० नुसार वाजवी सोयींचे बंधन शासकीय आस्थापनांवर आहे. मात्र सर्वत्रच अडचण एक आहे : सोय मागण्यासाठी निदान उघड करावे लागते आणि उघड केल्यावर बढती रोखली जाईल, ही भीती निराधार म्हणता येत नाही.

परिणामकारकता : लंडनमध्ये १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रॉस्पेक्ट्स’ या साहाय्यित रोजगार सेवेचा मॉहूड व हाउलिन यांनी केलेला अभ्यास (१९९९) सर्वाधिक उद्धृत होतो. साहाय्य मिळालेल्या ३० स्वमग्न प्रौढांपैकी १९ जणांना, तर तुलना गटातील २० पैकी ५ जणांना नोकरी लागली. गट यादृच्छिक पद्धतीने पाडलेले नव्हते, तरीही फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१२ च्या मार्गदर्शिकेत स्वमग्न प्रौढांसाठी वैयक्तिक साहाय्यित रोजगाराची शिफारस केली. एडीएचडी कोचिंगवरील अभ्यास लहान असून त्यांपैकी बरेच विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. डिस्प्रॅक्सिया व टूरेट यांबाबत सामग्री त्याहून तुटपुंजी आहे.

थॉर्किल सोन यांनी २००४ मध्ये डेन्मार्कमध्ये काढलेली, स्वमग्न व्यक्तींना काम देणारी ‘स्पेशलिस्टर्ने’ ही कंपनी आणि ‘सॅप’ या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीचा २०१३ चा स्वमग्न व्यक्तींच्या भरतीचा कार्यक्रम यांमुळे विषय उद्योगजगतात पोहोचला, पण स्वमग्न म्हणजे सॉफ्टवेअर तपासनीस, असा साचाही त्यांतून पक्का झाला. शिवाय अशा कार्यक्रमांचा भर भरतीवर असतो. आधीपासून नोकरीत असलेल्या आणि चाळिशीत निदान झालेल्या व्यक्ती त्यांच्या कक्षेबाहेर राहतात.

कोणाला बदलायचे, कर्मचाऱ्याला की त्याच्या भोवतालच्यांना, या प्रश्नावर ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांचा ‘दुहेरी सहानुभूती’चा सिद्धांत (२०१२) महत्त्वाचा आहे. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, असे तो सांगतो. क्रॉम्प्टन व सहकाऱ्यांच्या २०२० च्या प्रयोगात स्वमग्न व्यक्तींच्या साखळीतून (एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत) माहिती इतरांइतकीच नीट पुढे गेली, मिश्र साखळीत मात्र गळली. त्यांच्याच २०२५ च्या मोठ्या प्रयोगात हा फरक पुन्हा आढळला नाही. सिद्धांताचा हा पुरावा डळमळीत असला, तरी केवळ न्यूरोडायव्हर्जंट कर्मचाऱ्याला संभाषणकौशल्ये शिकवण्याऐवजी वरिष्ठ व सहकारी यांनाही प्रशिक्षणात घेण्याकडे अलीकडे कल वाढला आहे, आणि तो योग्य दिशेचा आहे.