12 × 10 फुटी टार्प: हॅमॉकवर बांधण्याआधी हे वाचा

“एका माणसाच्या झोळीवर एवढी मोठी ताडपत्री कशाला?” असं बरेच ग्राहक विचारतात. पाऊस सरळ पडला तर लहान टार्पही पुरतो. पण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. लावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीपेक्षा इरलं मोठं असतं ते याचसाठी.

हिशेब सोपा आहे. 11 फुटी हॅमॉक नीट झोल देऊन टांगला की टोकापासून टोकापर्यंत साधारण 9 फूट भरतो. 12 फुटी टार्प दोन्हीकडे दीड-दीड फूट पुढे राहतो आणि पायाकडून येणारी झड तिथेच अडते.

झाडांमध्ये 14 ते 16 फूट अंतर हवं. ऐन, जांभूळ, आंबा अशी जिवंत, मांडीपेक्षा जाड खोडं निवडा. वर मान करून बघाच: वाळलेली फांदी अडकलेली दिसली तर ती जागा सोडा, कितीही आवडली असली तरी. हॅमॉकसाठी किमान इंचभर रुंदीचा पट्टाच वापरा, बारीक दोरी सालीत रुतते.

आधी टार्प, मग हॅमॉक. आवरताना उलट, म्हणजे सामान कोरडं राहतं. मधली दोरी म्हणजे घराचं आढं. ती हॅमॉकच्या पट्ट्यापेक्षा वीतभर वर, ताठ ओढा. चारही कोपऱ्यांना सरकगाठ मारा, रात्री ताण कमी-जास्त करता येतो. टार्प सपाट कधीच बांधू नका. एवढ्या कापडावर 10 मिमी पाऊस साचला तर ते पाणी 100 लिटरच्या वर जातं; त्या वजनाने दोरी तुटते किंवा कापड फाटतं.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, नैऋत्येचा असतो. त्या बाजूची कड गुडघ्याच्या खाली उतरवा, दुसरी बाजू बसायला-उठायला वर ठेवा. मोठा टार्प शिडासारखा वारा धरतो, म्हणून वारा वाढला की दोन्ही कडा खाली घ्या.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. झाडावरून ओघळणारं पाणी पट्ट्यावरून थेट हॅमॉकमध्ये येतं. आमच्याच एका मुक्कामात वर टार्प कोरडा आणि पाठीखाली ओल, असं झालं होतं. टार्पच्या छायेत, हॅमॉकच्या टोकाआधी पट्ट्याला दोन्हीकडे वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडा. पाणी पागोळीसारखं तिथूनच खाली गळतं.

टार्पखाली स्टोव्ह किंवा शेकोटी नको, हे कापड वितळतं. मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात वाऱ्याच्या दिशेचा भरवसा नसतो आणि विजाही असतात. गडगडाट ऐकू आला की झाडांखालून निघा, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. टार्प विजेपासून वाचवत नाही.

कोयना, भीमाशंकर, फणसाड ही अभयारण्यं आहेत. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नका.

घरी आल्यावर टार्प सावलीत पूर्ण वाळवून मगच घडी घाला. ओला ठेवलात तर बुरशी धरते. वॉशिंग मशीन नको, साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे. शिवणीतून पाणी झिरपायला लागलं किंवा कोपऱ्याची कडी निघाली तर घरी सुईदोरा घालू नका, प्रत्येक टाक्याचं नवं भोक होतं. आमच्याकडे आणा.