इंग्रजीतला भूतकाळ, जो कधी घडलेलाच नसतो

घोडबंदर रोडला राहणारा माणूस ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर म्हणतो, "आय विश आय लिव्ड निअर ठाणे स्टेशन." वाक्यात 'लिव्ड' आहे म्हणून हा पूर्वी स्टेशनजवळ राहायचा असं कोणी समजत नाही, तो आजचंच बोलतोय, आणि आज तो तिथे राहत नाही. क्लासमध्ये हे "विश आलं की पास्ट टेन्स" असं पाठ करून घेतात, पण का ते सांगतच नाहीत, आणि मला वाटतं खरी गंमत तिथेच आहे.

भाषाशास्त्रात ह्याला नकली भूतकाळ म्हणतात. सबीन इआत्रिदू ह्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली एक मांडणी केली, की भूतकाळाचं रूप मुळात 'मागे' असं म्हणतच नाही, ते फक्त 'आत्ताचं, इथलं सोडून' एवढंच म्हणतं. वेळेला लावलं की आत्ताची वेळ बाजूला पडते, तो झाला नेहमीचा भूतकाळ, आणि जगाला लावलं की हे खरं जग बाजूला पडतं, मग उरते कल्पना किंवा इच्छा. सगळ्यांना हे पटत नाही, काहींच्या मते आपण खरंच मागे जातो, जेव्हा ती शक्यता अजून शिल्लक होती त्या क्षणापर्यंत. पण "इफ आय हॅड अ कार टुमॉरो" ह्यात 'हॅड' आणि 'टुमॉरो' शेजारी शेजारी आरामात बसतात, त्यामुळे मला तरी इआत्रिदूंचं जास्त पटतं. आणि गोष्ट खरोखर कालची असेल तर भूतकाळ दोनदा लागतो, "इफ आय हॅड कॉट द फास्ट लोकल", एक थर वेळेसाठी आणि एक कल्पनेसाठी.

बाजूला सारलं म्हणजे खोटं ठरवलं असंही नाही हं. १९५१ मध्ये तर्कशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉस अँडरसन यांनी दाखवलं की "त्याने आर्सेनिक घेतलं असतं तर अगदी हीच लक्षणं दिसली असती" असं म्हणून डॉक्टर उलट त्याने ते घेतलंच असेल असं सुचवू शकतो.

आता आपलं बघा. "मी स्टेशनजवळ राहत असतो तर रिक्षाच्या लाईनीत उभा राहिलो नसतो" ह्यातला 'असतो' तोच, जो "रविवारी मी घरीच असतो" मध्ये आहे, म्हणजे कल्पनेसाठी मराठी सवयीच्या रूपाच्या जवळचंच रूप घेते ('तो'सोबत मात्र सवयीला 'असतो' आणि कल्पनेला 'असता'), हिंदीतही "मैं होता तो" असंच. आणि साधा भूतकाळ आपण चक्क होऊ शकणाऱ्या गोष्टीला वापरतो, "उद्या पाऊस पडला तर लोकल लेट होणार". मुलं इथेच अडकतात, कारण 'पडला' डोक्यात असतो म्हणून "इफ इट रेन्ड टुमॉरो" लिहितात आणि इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं ह्याला पावसाची फारशी खात्री नाही. जुलैत ठाण्यात राहून! तिथे हवं "इफ इट रेन्स", आणि 'रेन्ड' ठेवायचं "आय विश इट रेन्ड इन मे" साठी.