पार्श्वभूमी : सिल्व्हरफेसचा बायस आणि बॅलन्सचा पॉट

सत्तरच्या दशकातला फेंडरचा चंदेरी पॅनलचा (‘सिल्व्हरफेस’) गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प पुण्यात कुणाच्या हाती लागला, की पहिली फर्माईश ठरलेली: बायस ‘ब्लॅकफेस’, म्हणजे आधीच्या काळ्या पॅनलच्या अ‍ॅम्पसारखा, करून द्या. बायस म्हणजे ट्यूबच्या ग्रिडवरचं (करंट आवरणाऱ्या जाळीवरचं) ऋण व्होल्टेज; गिटार वाजत नसताना ट्यूब किती करंट ओढेल ते त्यावर ठरतं.

बॅटरीवरच्या सुरुवातीच्या रेडिओत ग्रिडला ऋण व्होल्टेज द्यायला वेगळी ‘सी’ बॅटरी असे. पुढे घरगुती सेटमध्ये ते काम बहुधा ट्यूबच्या कॅथोडखालचा (ऋण टोकाखालचा) रेझिस्टर करू लागला. ट्यूब थोडी जास्त करंट ओढू लागली की तोच तिला आवरतो. त्यामुळे तपकीर गल्लीतून व्हॉल्व्ह (म्हणजेच ट्यूब) आणून बसवला की रेडिओ मेकॅनिकचं काम झालं. बायस लावायचा प्रश्न नव्हता. मोठ्या गिटार अ‍ॅम्पना जास्त वॅट हवे होते, म्हणून त्यांच्या ग्रिडना स्वतंत्र ऋण सप्लाय आला. त्याचं नाव फिक्स्ड बायस, आणि लावावा लागतो तो नेमका हाच.

‘ब्लॅकफेस’ करण्यामागचा वाद १९६८ चा. कॅलिफोर्नियातली फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली होती. आधीच्या काळ्या पॅनलच्या ट्विन रिव्हर्ब या मॉडेलमध्ये बायसची पातळी वरखाली करणारा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) होता. १९६८ च्या एसी५६८ सर्किटमध्ये त्याच पॉटला बॅलन्सचं काम दिलं: आउटपुट ट्यूबच्या एका बाजूचं ऋण व्होल्टेज वाढलं की दुसऱ्या बाजूचं कमी. शिवाय कॅथोडला रेझिस्टरही लावले. ते रेझिस्टर पुढे काढून टाकले, बॅलन्स मात्र राहिला.

गिटारवाल्यांनी हा खर्च वाचवणाऱ्या हिशेबनिसांचा उद्योग ठरवला. मला तो इतका अडाणी वाटत नाही. पुश-पुलच्या (आळीपाळीने काम करणाऱ्या ट्यूबच्या) दोन बाजूंचा करंट समान नसला तर सप्लायचा रिपल (उरलेली लहर) आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये पुरता कटत नाही, हम, म्हणजे गुणगुण, ऐकू येतो. न जुळणाऱ्या ट्यूब लावणाऱ्यासाठी बॅलन्स हा सोयीचा इलाज होता. खरी खोट ही, की एकूण करंट किती ठेवायचा ते ठरवायला काहीच उरलं नाही. आजच्या ट्यूब जुन्यांपेक्षा वेगळ्या निघतात, तेव्हा ही खोट फार जाचते.

आता मॅच्ड, म्हणजे सारखा करंट ओढणाऱ्या, जोड्या मिळतात, म्हणून लोक बॅलन्स सरळ तोडून पातळीचा पॉट करतात. पण आपल्याकडे अनेकदा एक ट्यूब गेली की एकच आणली जाते. अशांनी दोन पॉट लावावेत, एक पातळीला, एक बॅलन्सला. खर्च किरकोळ आहे.

करंटचा हिशोब प्रत्येक कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर लावून होतो: जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. या अ‍ॅम्पमधल्या ६एल६जीसी आउटपुट ट्यूबची प्लेट (धन टोक) ३० वॅट उष्णता सोसणारी. प्रचलित ७० टक्क्यांची मर्यादा धरली तर २१ वॅट, म्हणजे ४२० व्होल्टला ५० मिलिअँपिअर. या आकड्यात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या ग्रिडचा) थोडा करंटही असतो. तरी मी ७० ही वरची हद्द मानतो आणि त्याच्या बराच खाली थांबतो, कारण १२० व्होल्टचा अ‍ॅम्प इथे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो आणि लाइनचं व्होल्टेज चढलं की प्लेटचंही चढतं. मोजमाप त्याच स्टेपडाउनवर, ट्यूब नीट तापल्यावरच घ्यावं.