ओव्हनमधला माठ

ओव्हन २२० अंश सेल्सिअसवर आहे आणि बटरनट भोपळ्याच्या फोडी आत जाऊन वीस मिनिटं झालीत. एका फोडीच्या पोटात थर्मामीटर खुपसून पाहा, आकडा शंभराच्या आतच सापडेल. ओव्हन २२० म्हणजे भोपळाही २२० हा समज मात्र इतका पक्का आहे की फोडी खरपूस न होता गिच्च झाल्या की लोक पहिल्यांदा तापमानाचं बटण आणखी पुढे फिरवतात. चूक बहुतेक वेळा तापमानात नसते, ट्रेवरच्या गर्दीत असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिका-कॅनडात हे भोपळे बाजारात ढिगाने येतात. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग लावून भाजलेल्या त्यांच्या फोडी थँक्सगिव्हिंग सणाच्या ताटात डावी-उजवीकडच्या मानाच्या जागी असतात. दिवाळीही त्याच सुमारास येते, त्यामुळे तिकडच्या मराठी स्वयंपाकघरांत घारग्यांसाठीही हाच भोपळा चिरला जातो. बटरनट ज्या गटात मोडतो त्याचं 'विंटर स्क्वॉश' हे नाव जरा फसवं आहे. वेल वाढतो उन्हाळ्यात, फळ खुडतात शरदात, आणि जाड सालीमुळे ते हिवाळाभर टिकतं, म्हणून विंटर. बटरनट ही कुकुर्बिटा मॉस्काटा या जातीतली. तिचं 'वॉल्थम बटरनट' हे गाजलेलं वाण मॅसॅच्युसेट्समधलं; १९७० साली त्याला 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स' या नव्या वाणांची पारख करणाऱ्या संस्थेचा मान मिळाला. आपल्या मंडईतला लाल भोपळाही बहुतेक वेळा मॉस्काटाच असतो, म्हणजे दोघं सख्खे भाऊबंद. घराणं मूळ अमेरिका खंडातलं.

आता ते शंभर अंशांचं प्रकरण. बटरनटच्या गरात ८६ टक्के पाणी असतं. शाळेत पाठ केलेला आकडा आठवा: १ ग्रॅम पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला ८० कॅलरी लागतात, आणि त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. जवळपास सातपट! हा सगळा खर्च तापमान एका अंशानेही न वाढता होतो, म्हणून त्याचं नाव अप्रकट उष्मा.

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार राहतं ते याच खर्चामुळे. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन उडतं आणि उडताना माठाची उष्णता घेऊन जातं. ओव्हनमधली फोड अगदी हेच करते. चिरलेल्या बाजूवर फुटलेल्या पेशींचं पाणी असतं आणि आतून आणखी येत राहतं. गरम हवा जेवढी उष्णता देते, तेवढी उडणारं पाणी घेऊन जातं. या देण्या-घेण्याचा तोल जिथे बसेल, ते त्या ओल्या पृष्ठभागाचं तापमान. हवामान केंद्रात ओलं कापड गुंडाळलेला तापमापक कोरड्या तापमापकापेक्षा कमी आकडा दाखवतो, तोही याच तोलामुळे. कोरड्या गरम हवेत हा तोल शंभराच्या बराच खाली बसतो. भोवतालची हवा वाफेने जितकी भरलेली, तितका तो शंभराकडे सरकतो.

गंमत पुढे आहे. ट्रेवर गर्दी असली की फोडींभोवती वाफ कोंडते. अशा वाफेने भरलेल्या ओव्हनमध्ये फोडीचं पाणी उडायला जागाच नसते, त्यामुळे तिचा माठपणा कमी होतो आणि ती आतून लवकर शिजते. पण पृष्ठभाग वाळत नाही, आणि तो वाळल्याशिवाय शंभराच्या वर जाता येत नाही. थोडक्यात, गर्दीतल्या फोडी लवकर शिजतात आणि उशिरा भाजतात. कडा तपकिरी होईपर्यंत थांबावं तर आतल्या गराचा तोवर लगदा झालेला असतो.

वाफ किती निघते याचा अंदाज सहसा नसतो. १ किलो फोडींतून समजा पाव किलो पाणी उडालं. शंभर अंशांच्या वाफेत त्याचं आकारमान सुमारे ४२० लिटर होतं. घरातला मोठा ओव्हन ६० लिटरचा धरला तर सात ओव्हन भरतील एवढी वाफ! दार उघडल्यावर चष्म्यावर धुकं येतं ते उगाच नाही.

पृष्ठभाग वाळला की चित्र बदलतं. पाणी उडण्याची जागा मिलिमीटरभर आत सरकते, वर कोरडी पापडी राहते आणि ती पापडी भराभर तापते. भरताच्या वांग्याची साल ज्योतीवर कोळसा होते आणि आतला गर ओलाच राहतो, तसंच हे. पापडी १४० अंशांच्या आसपास पोचली की साखरेची आणि अमिनो आम्लांची गाठ पडते. लुई-कमिल माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या अभिक्रियेची नोंद केली आणि जॉन हॉज या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये तिचे टप्पे मांडले. साखरेचा अल्डिहाइड गट अमिनो गटाशी जुळतो, पाण्याचा एक रेणू सुटतो, मग अमाडोरी पुनर्रचना होते, तिथून वाट फुटत फुटत शेकडो सुगंधी रेणू तयार होतात आणि शेवटी मेलॅनॉइडिन नावाचे तपकिरी पदार्थ. (इथे दमछाक झाली असेल तर एवढंच धरा: पाणी सुटणं हा या अभिक्रियेचाच भाग आहे, म्हणून ओलाव्यात ती रेंगाळते.) पाककृतींत सर्रास 'कॅरामेलाइझ होऊ द्या' असं लिहितात, ते अर्धसत्य आहे. नुसत्या साखरेचं कॅरामेल व्हायला आणखी तापमान लागतं. उसाच्या साखरेला १६०च्या पुढे. भोपळ्याच्या कडांवर दोन्ही गोष्टी होतात, पण सुरुवात माय्यारची.

म्हणून ट्रेचा हिशेब करावा. अडीच सेंटिमीटरच्या फोडी धरल्या तर किलोभरात साधारण ६४ बसतात. प्रत्येकीच्या बाजूला एका फोडीएवढी मोकळी जागा ठेवायची तर दर फोडीला २५ चौरस सेंटिमीटर लागतात, म्हणजे एकूण १६०० चौरस सेंटिमीटर. ४५ बाय ३३चा मोठा ट्रे १४८५चा असतो. त्यात किलो जेमतेम मावतो. छोट्या ओटीजी ओव्हनच्या ३० बाय २३च्या ट्रेमध्ये एका वेळी ४०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. ट्रे काचेचा नको, पातळ काठांचा धातूचा हवा, आणि ओव्हनबरोबरच तापवलेला.

किलोला ३ मोठे चमचे तेल. तेल फोड आणि धातू यांच्यातल्या फटी भरतं आणि उष्णता पोचवतं. शिवाय केशरी रंगाचं बीटा-कॅरोटीन स्निग्धात विरघळतं, त्यामुळे अंगी लागतं. मीठ एक चहाचा चमचा, पण ट्रे आत सरकवायच्या आधी लगेच. अर्धा तास आधी मीठ लावून ठेवलं तर फोडींना पाणी सुटतं आणि आपणच माठ भरून दिल्यासारखं होतं. लिंबू किंवा चिंच शेवटी. आंबटपणात पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सहज सुटत नाही आणि फोडी कचकचीत राहतात. २२० अंशांवर २० मिनिटं हात लावू नये. मध्ये एकदा, पंधराव्या मिनिटाला, दार क्षणभर उघडून वाफ सोडून द्यावी. मग फोडी उलटाव्यात.

मसाल्याचं गणित उलटं आहे. दालचिनीच्या पुडीत पाणी नसल्यातच जमा, त्यामुळे तिला शंभराची ढाल नाही. ओल्या फोडीवर असेपर्यंत ती सुरक्षित. ट्रेवर सांडलेली चिमूट काही मिनिटांत करपते आणि कडवट वास सगळीकडे पसरवते. म्हणून दालचिनी १ चमचा, सुंठ अर्धा, जायफळ पाव, लवंगेची पूड दोन चिमटी आणि मिरी अर्धा चमचा (सगळे चहाचे) हे मिश्रण दोन चमचे वितळलेल्या लोण्यात कालवून शेवटच्या दहा मिनिटांत फोडींवर चोळावं. मेपल सिरप किंवा गूळ घालायचा तर तोही तेव्हाच, एक मोठा चमचा. कान देऊन ऐकलं तर वेळ कळते: ओलाव्याची चरचर मंदावली, की मसाला.

या मसाल्यांना 'उबदार' म्हणतात ते जिभेच्या अर्थाने. मिरी, आलं, लवंग यांतले रेणू उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरच्या ग्राहकांना चेतवतात. अशा ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं. मसाल्यांच्या या उबेमुळे अंगातला ताप वाढत नाही आणि चरबीही वितळत नाही. आणि 'पम्पकिन स्पाइस' नावाची जी पूड डबीत विकली जाते, तिच्यात भोपळा औषधालाही नसतो.

अख्ख्या भोपळ्याला पहिला काप पुरुषानेच द्यायचा, असं काही घरांत अजून पाळतात. भोपळ्याला सुरी कोणाच्या हातात आहे हे कळत नाही, तिची धार कळते. दोन्ही टोकं छाटून त्याला सपाट बुडावर उभा करावा, मान आणि पोट वेगळं करावं, मग सोलावं. खरी काळजी दोन बाबतींत घ्यायची. कच्च्या बटरनटच्या चिकामुळे काहींच्या तळहाताची कातडी ताठरते, सोलवटते, हातमोजे घालावेत. आणि चिरल्यावर कच्च्या गराचा कण जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून अख्खा भोपळा टाकून द्यावा. कडूपणा कुकुर्बिटासिनचा असतो, ते विषारी असतं आणि शिजवून जात नाही.

अख्खा बटरनट फ्रिजमध्ये ठेवू नये. १० अंशांच्या खाली त्याच्या पेशींना थंडी बाधते आणि तो डागाळून सडू लागतो. १० ते १३ अंशांच्या कोरड्या जागी महिना-दोन महिने राहिला तर स्टार्चची साखर होत जाते आणि तो ताज्यापेक्षा गोड होतो.

आपला लाल भोपळा वापरायचा तर एक फरक लक्षात घ्यावा. त्यात पाणी ९२ टक्क्यांच्या आसपास असतं. ८६ आणि ९२ हे आकडे जवळचे वाटतात, पण दर ग्रॅम घन भागामागे पाणी सहा ग्रॅमवरून साडेअकरा ग्रॅमवर जातं, जवळपास दुप्पट. म्हणून फोडी थोड्या मोठ्या, तीन सेंटिमीटरच्या कराव्यात, ट्रेवर आणखी विरळ मांडाव्यात आणि मसाला लावण्याआधी दहा मिनिटं जास्त द्यावीत. तरीही ओल्याच राहिल्या तर कुस्करून दही, हिरवी मिरची आणि मोहरीची फोडणी घालावी. भरताला तपकिरी कडा लागत नाहीत.